छत्रीवाली मॅच

...अहो, विचारलं होतं ना त्या कॉम्प्युटरनं! नाही असं कुठे म्हणते मी? चांगलं पुन्हा पुन्हा विचारलं. ‘या डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल?’ म्हटलं चालेल. ‘नक्की?’ म्हटलं नक्की. ‘परत मिळणार नाही बरं का!’ म्हटलं अरे बाबा, माहितेय, वेलिंग्टनला शिकून आलेय मी, तू पुसायला लाग! आमचे पाद्री लग्नात नवरीलासुद्धा इतकं खोदून विचारत नाहीत हो. आणि मग त्यानं पुसलं. स्वच्छ. आमच्या गावानं आजवर जिंकलेली एकुलती एक रग्बीची मॅच... गेली! चूक माझीच, तुम्हाला सांगते, माझीच. पण सेमेसाला कुणी काही बोलणार आहे की नाही?

नाही. बोलताच येत नाही त्याला! सेमेसा माझा आतेभाऊ, म्हणजे आमच्या सगळ्या गावाचा भाचा. आणि इथे कांदावू बेटावर भाचा मामाच्या गावात शिरला की गाव त्याचं. डुक्कर आवडलं? ने. होडीचं इंजिन आवडलं? ने. मामानं हसत हसत द्यायचं, वर किनाऱ्यापर्यंत उचलून पोचवायचं, आणि कपाळावर आठी दिसली तर अब्रू जाते ती मामाची! त्यात आत्या दिलेली पलीकडच्या खाडीत, म्हणजे ज्यांना आम्ही त्या मॅचमध्ये हरवलं, त्यांच्यातच. आता बोला.

तर झालं काय, की शिक्षण संपवून मी गावात परत आले ती डोक्यात एक वेड घेऊन. आमची पोरं काय बघतात? कुणाकुणाच्या डिस्कवरून उतरवलेले परदेशी सिनेमे! गोळीबार, गाड्या, स्फोट. आणि आपली नाचगाणी, आपली लग्नं, आपले खेळ, ते कुठे आहेत? एकेकाच्या फोनमध्ये. फोन समुद्रात पडला की आठवण समुद्रात. म्हटलं नाही, हे चालायचं नाही! थोरल्या काकांच्या घरात सर्व्हर बसवला. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो. छतावर सौर पाट्या, कोपऱ्यात कॉम्प्युटर, भिंतीवर टीव्ही, आणि गावानं फोनमध्ये, मेमरी कार्डात, बिस्किटांच्या डब्यात जपलेलं जे जे होतं ते सगळं आत. उतरवून झालं की ज्याचा फोन त्याला मी स्वतः सांगायचे, ‘आता पुसा यातलं, जागा करा, आता काळजी नको!’ मीच सांगायचे हो... मीच.

आणि मग उद्घाटनाला भाषण केलं. तिथेच माती खाल्ली. सगळं गाव चटईवर बसलेलं, आणि मी उभी, हात वर करून: “गावकऱ्यांनो, या पेटीत एकसारख्या दोन डिस्क आहेत! पहिलीवर जे, तेच दुसरीवर! एक गेली तरी आपलं काहीही बिघडणार नाही!” टाळ्या काय, आरोळ्या काय, एका म्हातारीनं तर माझ्या डोक्यावर टाल्कम पावडर ओतली, आनंदानं. आणि मागे दाराशी सेमेसा टेकून उभा. शांतपणे ऐकत होता. पोरगा कधी नव्हे तो लक्ष देऊन ऐकतोय म्हणून मला भरून आलं हो!

काही महिन्यांनी बघते तर एक डिस्क गायब. तिच्या जागी कुठलीतरी खरचटलेली, मिठानं पांढरी पडलेली. फोन केला.

“सेमेसा, माझी डिस्क कुठाय?”

“कुठली? ती जादाची?”

“जादाची नव्हती रे, माकडा!”

“तूच म्हणालीस ना, एक गेली तरी काही बिघडत नाही? मग एक गेली. आणि मी काय तसाच आलो का? माझी ठेवलीय की तिथे. कार्टून आहेत तिच्यात, चांगली आहेत, बघ.”

“आणि त्या डिस्कवरचं आमचं सगळं?”

“टीव्हीला लावली तर टीव्ही म्हणाला वाचता येत नाही, फॉरमॅट करू का. म्हटलं कर. एवढं आपुलकीनं विचारतोय बिचारा, नाही कसं म्हणायचं?”

मोठ्या बाबांकडे गेले, तर ते म्हणाले, “भाच्यानं नेलं ना? मग बरं झालं.” आणि त्याला चार नारळ पाठवले, वरून!

बरं, ठीक. अजून एक डिस्क शाबूत होती. मॅच तिच्यावर होती. म्हणजे ती मिठाची डिस्क पुसायची आणि चांगल्या डिस्कवरचं तिच्यावर उतरवून पुन्हा जोडी करायची. पोरखेळ! फॉरमॅटचा हुकूम दिला. म्हणे, ‘जमलं नाही. डिस्क वापरात आहे.’ कोण वापरतंय? सगळे तारोचे कंद उपटायला गेलेत, घरात मी आणि कोंबडी! पुन्हा दिला. ‘या डिस्कवर लिहायला मनाई आहे.’ कुणी केली मनाई? सेमेसानं? तो स्वतःच्या मुलीला शाळेच्या वहीत मिशा काढायला मनाई करत नाही! पुन्हा दिला. ‘डिस्क सापडत नाही.’ अरे, आत्ता तर वापरात होती! मग वायर काढली, फुंकर मारली, दुसऱ्या खोबणीत लावली, पेटी बंद करून चालू केली... आणि तुम्हाला सांगते, तेवढ्यात त्या पेटीनं आपल्या मनानं नंबर बदलले. पहिली डिस्क ती दुसरी, आणि दुसरी ती पहिली. असं होतं, हे मला माहीत होतं. शिकलेच होते! परीक्षेत लिहिलंय मी हे, मार्क मिळालेत मला! पण इतका वैताग आला होता की यादी न वाचताच ठोकलं: दुसरी डिस्क, फॉरमॅट. नक्की? नक्की. नक्की-नक्की? अरे हो!

आणि काय सांगू, इतका वेळ अडून बसलेली डिस्क लोण्यासारखी पुसली जायला लागली. मी गाणं म्हटलं हो. त्यावर गाणं म्हटलं मी! झाल्यावर बघते, तर पेटीत शिल्लक काय? सेमेसाची कार्टून.

चूक माझीच. नाही कुठे म्हणते? पुसलेलं परत मिळवायचे जे जे उपाय होते ते सगळे केले. हाताला काय लागलं? अर्धं भजन आणि कुणाचे तरी पाय.

आणि मी काय करावं? खोटं बोलले. रविवारी चर्च झालं, जमिनीतल्या भट्टीतलं जेवण झालं, आणि रिवाजाप्रमाणे सगळं गाव मॅच बघायला मोठ्या बाबांच्या घरी. म्हटलं, “बॅटरी उतरलीय.” बाहेर ऊन असं रणरणतंय की पत्र्यावर पापड भाजावा! पण कुणी शंका घेतली नाही. शिकलेली पोर सांगतेय, खरंच असणार. मग म्हणाले, बॅटरी नाही तर नाही, आणि सगळ्या गावानं तोंडानंच मॅच खेळली. “आता चेंडू पेनी आबांकडे!” “पडला!” “उठला!” “पळ रे पळ!” आणि शेवटच्या क्षणी आम्ही जिंकलो, दर रविवारसारखे. सगळे खूश. मोठे बाबा मात्र काळ्या टीव्हीकडे बघत होते.

मनाला लागलं ते. धाकटे काका, वेरेमो काका, यांना सगळं सांगून टाकलं. आणि वर शहाणपणा केला, “काका, पण एवढं काय? मॅच तर सगळ्यांना तोंडपाठ आहे.”

काका जाळं विणत होते, ते थांबले. “उनाइसी, तुझ्या मोठ्या बाबांनी चेंडू कधी बघितलाय गं?”

“म्हणजे?”

“शेवटच्या धावेला कोपऱ्यात कोण पळतं?”

...मोठी आई पळते. छत्री घेऊन. आमचा गडी मैदानात पळतोय आणि रेषेबाहेरून त्याच्या बरोबरीनं मोठी आई, छत्री परजत, ओरडत, चपला केव्हाच्या मागे राहिल्या. डोळे मिचकावले तर निसटेल एवढीच दिसते. आणि उभ्या जन्मात तिनं फोटो काढू दिला नव्हता कुणाला, ‘माझं नाक मावत नाही त्यात’ म्हणायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तो माणूस दर रविवारी ‘पुन्हा लाव, पुन्हा लाव’ म्हणायचा, आणि मला वाटायचं केवढं खेळाचं वेड!

मी तिथेच रडायला लागले. काका म्हणाले, “रडून काय होणार? माफी मागायची तर रीतीनं मागू.”

रीत म्हणजे व्हेलचा दात. दोरी बांधलेला, तेल लावून पिवळा केलेला. तो ठेवल्याशिवाय मोठी माफी होत नाही. आणि दात काय दुकानात मिळतो? काकांकडे एक होता, त्यांच्या मुलासाठी, मोसेसेसाठी, मुलगी मागायला ठेवलेला. तोच काढला! मोसेसे मला म्हणतो, “आता मुलीच्या बापापुढे काय ठेवू? तुझी हार्ड डिस्क?” बघा. म्हणजे एका फॉरमॅटमध्ये एक मॅच, एक मोठी आई आणि एक लग्न.

तर मी चटईवर मान खाली घालून, पुढे काका, दोन्ही हातांत दात, आणि तो जुना, राजांपुढे बोलायचा घोगरा सूर: “हे थोरल्या घराण्या, दोष घेऊन आलोय. या लेकरानं... या लेकरानं पेटीच्या पोटातलं... धुतलं.” मग वाकून माझ्या कानात, “धुतलं म्हणू की खरवडलं?” म्हटलं काका, काहीही म्हणा! “धुतलं आणि खरवडलं! सागरापार शिकून आलेलं लेकरू आहे, त्यामुळे अक्कल अजून बोटीतच आहे, मागाहून येईल. पदरात घ्या.”

मोठ्या बाबांनी दात हातात घेतला. एक शब्द रागाचा बोलले असते ना, तर मी जगले असते! पण नाही. म्हणाले, “घेतलं. ही गोष्ट आज जमिनीत पुरली. कुणी ती उकरायची नाही. जो उकरेल तो कुत्रा.” टाळ्या झाल्या, यांगोनाच्या मुळीचं पेय वाटीतून फिरलं, सगळ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. संपलं. माझ्यावर ओरडायची सोय संपली! ज्यांची लग्नं पुसली, ज्यांच्या बारशाची गाणी पुसली, ते सगळे रस्त्यात भेटले की आता गोड हसतात. ‘ये, चहा घे.’ अहो, शिव्या द्या ना! कुणीतरी द्या! नाही. पुरलंय.

आणि मग आला सेमेसा. होडीतून उतरला, हातात तीच डिस्क, माझी. मी म्हटलं आता काय न्यायला आलास, छप्पर? तर पहिल्यांदाच तो चेहऱ्यानं उतरलेला दिसला. म्हणाला, “मला काय माहीत गं मामीचं. आमच्या बाबांनी पण ती मॅच काढली होती फोनवर, आमच्या बाजूनं. आणलीय.”

तुम्हाला सांगते, डिस्क पेटीला लावली आणि पेटी काय म्हणते? ‘ही डिस्क ओळखता येत नाही. फॉरमॅट करू का?’ मी अशी किंचाळले की कोंबडी खिडकीतून गेली! वायर उपटली, आणि म्हटलं नको ती पेटी, नको ते शिक्षण. सेमेसाला म्हटलं जा, तुझा टीव्हीच घेऊन ये. पुन्हा होडी, पुन्हा खाडी, आणि घोंगडीत गुंडाळून टीव्ही आला.

रविवारी सगळं गाव जमलं. मॅच लागली. आणि अहो, ते समोरच्या बाजूनं काढलेलं ना, म्हणजे मोठी आई थेट समोर! तोंड कॅमेऱ्याकडे! पूर्ण उत्तरार्धभर आहे ती त्यात. नाक सगळंच्या सगळं मावलंय. पंचाच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतेय, शब्द न् शब्द ऐकू येतो. छत्री त्या रेषेवरच्या पंचाच्या पाठीत बसली, तेव्हा मोठे बाबा गुडघ्यावर थाप मारून हसले. आणि हसता हसता रडले. आणि मीही. सगळेच.

मग आली शेवटची धाव. आम्ही मागे, ते पुढे, आमच्या गड्यानं चेंडू उचलला, सगळं गाव चटईवर गुडघ्यांवर उभं... “पळ रे पळ!”... आणि आतून आवाज आला, सेमेसाच्या बाबांचा: “हॅत् तेरी! बंद कर रे ते!” आणि काळं. संपलं. हरणाऱ्यानं शेवट कशाला काढावा? बरोबरच आहे त्यांचं!

मोठे बाबा डोळे पुसून म्हणाले, “पुन्हा लाव.”

आता दर रविवारी लावतो. दर रविवारी. सगळं गाव दात-ओठ खात बघतं, आणि कुणाला तोंड उघडता येत नाही, कारण विषय पुरलेला, उकरेल तो कुत्रा! पलीकडच्या खाडीवालेही आताशा येतात, जेवण झालं की होड्या भरून, पहिल्या रांगेत बसतात. चूक माझीच हो, मी कुठे नाही म्हणते? आयुष्यात एकदाच जिंकलो होतो आम्ही. आता दर रविवारी हरतो. आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या कोण वाजवतं? आमचे मोठे बाबा.