बयाजीनं दिलेला खांदा

ऐका रं. आन् ए रंग्या, मागनं खिदळू नगंस, न्हाईतर आत्ताच्या आत्ता एकट्याला पान्याला धाडीन. माझ्या आज्ज्याची गोष्ट हाय ही, बयाजीची.

त्यो पलटनीत व्हता. जर्मनाची लढाई चाललेली. बसऱ्याला पायात गोळी खाऊन घरी आला, आन् त्याच्या मागनं आली मानमोडी. ताप यायचा, तिसऱ्या दिशी मानूस खलास! तिरडीला चार खांदं मिळंनात. तिघातिघांनी मढी न्हेली, बाबांनो.

माझी आज्जी ठकू, तीबी तापानं फनफनली. आज्ज्यानं पलटनीतलं करडं ब्लँकेट तिच्यावर घातलं आन् वैदाच्या गावाला गेला. औषधाची पुडी मिळंस्तवर दिवस मावळला. वैद म्हनला, "बयाजी, सकाळी जा." आज्जा म्हनला, "सकाळपतुर ती ऱ्हात न्हाई." निघाला, पुडी कनवटीला लावून.

वढ्याच्या वळनावर तीन मानसं उभी. मधी तिरडी. तोंडं मुंडाशात झाकलेली. एकजन म्हनला, "चौथा न्हाई, पावनं. खांदा द्या."

आता खांद्याला कुनी न्हाई म्हनतं व्हय? तुमीबी म्हनला नसता. घरी बायको मरतीया, तरी त्यो वाकला. तितंच चुकला!

उचलली. हलकी व्हती, रिकाम्या सुपावानी. आज्जा फुडं. म्हनला, "राम बोला रं." कोन बोलंना. पुन्यांदा म्हनला. कोन न्हाई! धा पावलं गेला, तिरडी जड. आनखी धा पावलं, गुडघं वाकाय लागलं. आन् मग वरचं मढं खोकलं.

खोकलं रं! आज्ज्यानं मान वळवली. मढ्यावर करडं ब्लँकेट. त्याचंच! आतनं आवाज आला, "धनी, लई थंडी वाजतीया."

ठकूचा आवाज! फुडं मसनवाटा दिसाय लागला आन् ती तिघं त्याला ढकलाय लागली. चल, चल, चल! त्याला कळून चुकलं, तितं पोचलो की ठकू गेली.

वाटेत इसाव्याचा दगड व्हता. तिरडी तितं एकदा टेकवायची, फुडच्यांनी मागं, मागच्यांनी फुडं व्हायचं, मगच उचलायची, ही आपली रीत. आज्जा वरडला, "इसावा! टेकवा!"

तिघं थांबली. मेली तरी गावाचीच मानसं ती, रीत मोडंनात. तिरडी खाली ठेवली. जागा बदलाय वळली, आन् आज्जा पळाला! लंगडत, रडत पळाला. मागनं ठकू हाका मारतीया, "धनी, मला टाकून जाऊ नगासा!" कसा पळाला आसंल रं त्यो! पन वळून बघितलं न्हाई.

घरी आला. ठकू अंथरुनावर. धाप लागलेली, पन जित्ती. पुडी मधात कालवून चाटवली, उशाला बसून ऱ्हायला. पहाटं तिला घाम फुटला. डोळं उघडलं, त्याच्याकडं बघितलं आन् म्हनली, "मला इसाव्यावर टाकून का आलासा?"

जगली ती. म्हनून मी हाय, तुमी हाय. पन तिनं जलमभर हेच इचारलं.

तवा दिवस मावळल्यावर त्या वाटेला जायचं न्हाई. आन् गेलासाच, कुनी खांदा मागितला, तर आदी मढ्याचं तोंड बघा.