घोडीच्या गळ्यातले दावे

जबाब
दि. २१ ऑगस्ट २०२४

नाव: मंगल अमृत कोळेकर, वय ४४ वर्षे, धंदा: मेंढपाळ व शेती, रा. कोळेकर वस्ती, करंजेवाडी, ता. कवठे महांकाळ, जि. सांगली.

आज रोजी रहिमतपूर पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती अमृत व दीर पप्पू यांच्यासह राहते. आमची मेंढरे आहेत. दिवाळीनंतर आम्ही मेंढरे घेऊन कृष्णाकाठाला येतो व पावसाच्या तोंडावर माघारी जातो. वाटेत खतासाठी लोकांच्या रानात मेंढरे बसवतो. रहिमतपूरच्या ज्ञानू शिर्के यांच्या रानातही बसवतो. त्यामुळे ते व त्यांची पत्नी शालूबाई यांना मी बऱ्याच वर्षांपासून ओळखते.

शालूबाई यांनी माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. मी त्यांच्या घरातून घोडीचे दावे चोरून नेले व त्यावर करणी करून त्यांच्या पतीचा गळा बांधला, असे त्यात लिहिले आहे. दावे नेले हे खरे आहे. करणीचे खोटे आहे. मी आजवर कोणत्याही देवऋषाची पायरी चढलेली नाही, आणि माझ्या अंगात येत नाही.

यंदा जूनच्या सुरुवातीला माघारी जाताना आम्ही शिर्के यांच्या रानात थांबलो होतो. पाणी आणायला त्यांच्या गोठ्यामागे गेले असता कोपऱ्यात एक तांबडी घोडी भिंतीकडे तोंड करून उभी दिसली. बरगड्या मोजता येत होत्या. खूर वाढून पुढे वळले होते. ती ज्या जागी उभी होती तिथली जमीन तिच्या पायांनी खोल झाली होती. ज्ञानू यांनी ती जत्रेतल्या शर्यतीसाठी शिंगरू असताना आणली होती. पाय अधू निघाल्यावर त्यांची हौस फिटली. दावे मात्र त्यांनी आपल्या हाताने बांधले होते व दुसऱ्या कोणाला ते हात लावू देत नव्हते, असे शालूबाई यांनीच मला सांगितले. शिंगराच्या गळ्याला बांधलेले दावे घोडी मोठी झाली तरी कोणी सैल केले नाही. ते मांसात रुतले होते आणि वरून कातडे आले होते. बाहेर फक्त गाठ व तिचे लोंबते टोक दिसत होते. गाठीत अळ्या होत्या.

मी जवळ गेले तेव्हा घोडीने खिंकाळण्यासाठी तोंड उघडले, पण आवाज आला नाही. आमची ओझ्याची घोडी चैतात मेली होती व आम्हाला घोडी हवीच होती. पण मी हिला त्यासाठी घेतली नाही. मला राहवले नाही म्हणून विकत घेतली.

जनावर विकले की दावे विकणारा ठेवून घेतो व घेणारा आपले नवे दावे आणतो, ही आमच्याकडची रीत आहे. जुने दावे जनावरासोबत गेले तर गोठ्याचे बरे होत नाही, असे मानतात. घोडी पिकअपमध्ये चढवताना ज्ञानू यांनी दाव्याचे टोक सोडले नाही. ते म्हणाले, "दावं ठिवून जावा." मी म्हणाले, "आवं, ते मासात गेलंय. कसं ठिवू?" ते म्हणाले, "कापून काढा आन् द्या." मला राग आला. मी म्हणाले, "गळा कापून दिऊ व्हय तुमाला?" मग पप्पूने त्यांच्या हातातून टोक सोडवून घेतले. डॉक्टरकडून काढून घेऊन दावे परत आणून देण्याचे मी कबूल केले होते, हे मी नाकारत नाही.

वस्तीवर आणल्यावर घोडीला मोकळे सोडले. आमचा गोठा तीन बाजूंनी उघडा आहे. एकच कोपरा आहे, तो तिने शोधला व त्यात तोंड घालून ती उभी राहिली. माझ्या पतीने तिच्यापुढे दाणा टाकला, तो मी उचलला. उपाशी जनावराला एकदम दाणा घातला तर पोट धरते व ते मरते. मी तिला थोडे थोडे गवत व भिजवलेला कोंडा दिला. कडुनिंबाच्या पाण्याने धुतली. गोचीड काढले. जतहून नालबंद बोलावून खूर कापून घेतले. तिच्याजवळ डाव्या बाजूने कोणी गेले तर ती थरथरत असे, म्हणून मी उजवीकडे बसून मेंढरांशी बोलावे तसे बोलत असे. घास ती तोंडात घेई, चावी, पण गिळताना मान ताणून उभी राही व बराचसा बाहेर पडत असे.

जुलैच्या मध्यात तिच्या अंगात थोडी ताकद आल्यावर पशुवैद्यकीय डॉक्टर सोनम बनसोडे यांनी वस्तीवर येऊन तिला भूल दिली व भर दुपारी दावे कापून काढले. दोन तुकडे निघाले. डॉक्टरांनी ते जाळून टाकण्यास सांगितले. परत देण्याचे कबूल केले होते, म्हणून मी ते धुऊन वळचणीला अडकवले. भूल उतरल्यावर घोडी उठली व खिंकाळली. रानातली मेंढरेसुद्धा थांबली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा पोटभर गवत गिळले. मी पदराने डोळे पुसले, हे पप्पूने पाहिले आहे.

त्याच संध्याकाळी शालूबाई यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आज दावं काढलं न्हवं?" मी विचारले, "तुमाला कुनी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "कुनी सांगाय कशाला पायजे? ह्येंच्या गळ्याखाली दुपारपास्नं पानी उतरंना झालंय. आमचं दावं आमाला आनून द्या." मला तो योगायोग वाटला. आजही मी तो योगायोगच आहे असे म्हणू इच्छिते.

दाव्याबद्दल मी इतकेच सांगते की ते वाळत नव्हते. आमच्याकडे या वर्षी पावसाने तोंड दाखवलेले नाही. सकाळी धुतलेली घोंगडी दुपारी वाळते. दावे उन्हात होते तरी हाताला ओले व कोमट लागत असे. पप्पूने एकदा हात लावला व नंतर लावला नाही.

पुढे माझे पती दावे पिशवीत घालून रहिमतपूरला द्यायला निघाले. ते एसटीत बसले असतील त्या सुमाराला घोडीने तोंडातला घास टाकला व कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी गूळ दिला, तो घेतला नाही. मी पतीला फोन केला. ते विट्याच्या स्टँडवर होते. मी म्हणाले, "माघारी फिरा." ते म्हणाले, "येडी का खुळी तू? दोरी द्यायला आलोय, दिऊन येतो की." मी म्हणाले, "घोडी खाईना झालीया. आदी फिरा." ते फिरले. ते वस्तीवर पोहोचण्याच्या बऱ्याच आधी घोडीने मान वर केली व वैरणीला तोंड लावले.

शालूबाई रोज फोन करत होत्या. साताऱ्याच्या दवाखान्यात दाखवले, फोटो काढले, गळ्यात काही सापडले नाही, असे त्या सांगत. शेवटी त्या फोनवर नुसत्या रडू लागल्या. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन पाहण्याचे ठरवले. दावे बरोबर घेतले. द्यायचे की नाही हे निघताना मनाशी ठरवले नव्हते.

ज्ञानू घरात नव्हते. ते गोठ्यामागे घोडीच्या जागेवर, त्या खोल झालेल्या जमिनीत पाय ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. खाटेवर झोपवले तरी उठून तिथेच जातात, असे शालूबाई म्हणाल्या. अंगावर मांस राहिले नव्हते. गळ्याभोवती दोरीचा करकोचा पडल्यासारखी काळी रेघ होती. मी डाव्या बाजूने जवळ गेले तर ते थरथरले. मी उजवीकडे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले, "खाती का आता?" मी म्हणाले, "खाती." ते म्हणाले, "वरडती?" मी म्हणाले, "लय वरडती." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मला त्यांची दया आली. मी पिशवीतून दावे काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते मुठीत धरले व माझ्यासमोर शालूबाईंच्या हातून तांब्याभर पाणी प्यायले.

मी घरी पोहोचले तेव्हा घोडी कोपऱ्यात होती. पप्पूने सांगितले की ती दुपारपासून तशीच आहे. गळ्यावर नवी कातडी येऊन लव फुटली होती, ती जागा पुन्हा आत गेली होती. मी बोटाने चाचपले. आत दोरी असावी तसे लागत होते. डॉक्टर सोनम यांना बोलावले. त्यांनीही चाचपले. त्या म्हणाल्या, "ताई, आत काही नाही. मी स्वतः काढलंय ना." पण त्यांनी हात दोन वेळा धुतला. सलाइन लावले. घोडी खाली बसली, ती उठून उभी राहीना. तोंड उघडत होती, पण आवाज येत नव्हता.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी एकटी पुन्हा शिर्के यांच्याकडे गेले. दिवसाढवळ्या, समोरच्या रस्त्याने गेले. लपूनछपून गेलेले नाही. शालूबाई दळण आणायला गेल्या होत्या. ज्ञानू ओसरीवर झोपले होते. अंग जरा भरले होते. दाव्याचे दोन्ही तुकडे त्यांच्या मुठीत होते. मी एकेक बोट उघडून ते काढून घेतले. शेवटच्या बोटाला ते जागे झाले. त्यांनी मला ओळखले व ओरडण्यासाठी तोंड उघडले. आवाज आला नाही. मी त्यांच्या पाया पडले व निघून आले.

त्या दिवसापासून घोडी खाते. काल ती वस्तीच्या माळावर पळाली. अधू पाय टेकून पळाली. दावे मी आज बरोबर आणलेले नाही, कारण आणले असते तर तिने वैरण टाकली असती. ते कोठे ठेवले आहे हे पतीलाही माहीत नाही.

ज्ञानू यांना पुन्हा दवाखान्यात नेले असून ते नळीवर आहेत, असे हवालदारांनी मला सांगितले. दोरीचाच प्रश्न आहे, परत करून प्रकरण मिटवा, असेही सांगितले. शालूबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. आत येताना त्यांनी माझे पाय धरले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्याकडे पाहून माझा जीव तुटतो. मला याची भीती वाटते, आणि हे माझ्या वाट्याला का आले हे कळत नाही. चोरीचा गुन्हा दाखल झाल्यास मी तो कबूल करीन. दावे परत देण्यास मी तयार नाही. ज्ञानू यांनी घोडीला बांधले होते. घोडीने कोणाला बांधले नव्हते. दोघांतले एकच जगणार असेल तर घोडी जगावी.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिलेला आहे. शेवटचे वाक्य खोडायचे का, असे त्यांनी मला विचारले. ते राहू द्यावे, असे मी सांगितले.

सही
मंगल अमृत कोळेकर