मॅनेजरचं टेबल

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या हाडांच्या दवाखान्यात देवयानीशेजारच्या माणसाची तीन बोटं वाकडी होती, आणि त्याच्या मांडीवरच्या फोनच्या स्पीकरवर त्याची आई बोलत होती.

“जय, जेवलास?”

“जेवीन गं आई, स्टेडियमवर.”

“एकटाच?”

“बेसबॉल टीमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच आहे मी आता. कोणाला काढलं ते मीच सांगतो, म्हणून मी आलो की प्लेअर्स गप्प होतात. स्वतः खेळायचो, बॉल झेलणारा कॅचर होतो, तेव्हा सगळे माझ्याच टेबलावर असायचे.”

“तो ओवेन बसतो ना तुझ्याजवळ?”

“ओवेनला आज रिलीज केलं, टीममधून काढलं. वरून ऑर्डर आली.”

“रडला का रे?”

“नाही. म्हणाला, कोच, आता तुम्ही कोणाबरोबर जेवणार?”

“मग?”

“मग काय? लवकर निघ म्हटलं, फ्लाइट चुकेल.”