आयन म्हणजे काय, सांग बरं!

म्हातारीला रसायनशास्त्रातलं काय कळतं असं वाटत असेल, तर हे ऐका.

माझा धाकटा भाऊ वासुदेव मालेगावला राहतो. त्याच्या लेकीला, स्वातीला, पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं आणि हा अडून बसलेला. मी समजवायला गेले, तर मलाच म्हणाला, "बाई, तू चौथी शिकलेली. तुले काय समजते?"

"चौथीपर्यंत मास्तरानं शिकवलं, पुढचं मीच शिकली. आयन म्हंजे काय, सांग बरं!"

"विजेचा भार असलेला अणू," स्वाती मधेच म्हणाली.

"तुले नाही, तुह्या बापाले इचारून राह्यली."

 मग मीच सांगितलं. मिठाच्या पाण्यात विजेच्या तारा बुडवल्या की काहीतरी त्या तारांकडे जातं. ते काय, हे दीड-दोनशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हतं. जातं एवढंच कळलं. म्हणून ग्रीक भाषेतून नाव घेतलं, आयन, म्हणजे जाणारा. कोरड्या मिठातही तेच असतात, पण एकमेकांना घट्ट धरून बसलेले, म्हणून त्यातून वीज जात नाही.

"अन् धरून बसले त दिवा लागत नाही, वासुदेवा."

 महिन्याभरानं आम्ही तिघं बस स्टँडवर होतो.

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. त्यावरून मीच जन्मभर पोरांना रागावले आहे. स्वाती खिडकीतून म्हणाली, "बाबा, येतो."

वासुदेवानं डोळे पुसले.

मीच तिला म्हणाले, "आज जातो म्हन, माय."