राजाच्या गळ्यावरची रेघ

अगं, बी.ए.ला इतिहास घेतला की जुनी नाणी आपोआप ओळखता येतात, असा लासुर्ण्याच्या आमच्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा ठाम समज. चौऱ्याण्णव साली त्यांनी मला बारामतीहून खास बोलावून घेतलं. त्यांच्याकडच्या इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयावर राजाच्या गळ्यावर आडवी रेघ होती. "टाकसाळीतला ठसाच तडकल्याला. असं नाणं जिल्ह्यात दुसरं न्हाय," हे त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. त्यातलं निम्मं गाव ओसरीवर हजर. तज्ज्ञ म्हटल्यावर बघावं लागतंच; मी नाणं उलटं केलं.

"कमळाखाली टिंब आहे तात्या, म्हणजे मुंबईची टाकसाळ."

"बघा! शिकल्याली पोरगी हाय. आता रेघंचं सांग."

ठसा तडकलेला असला की रेघ नाण्यावर उठून येते, नखाला लागते. मी नख फिरवलं, तर ते खाचेत गेलं. म्हणजे हा नंतर कुणीतरी काढलेला ओरखडा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तात्या, ही रेघ... बहुतेक..."

"ती म्या वढलीया," आतून काकू म्हणाल्या. मी इतकी दचकले की नाणं हातातून पडलं.

"तू? कवा?" तात्या ओरडले.

"आपली सुपारी फुटली तवा. तुमच्या घरनं आला हुता ह्यो रुपया. चांदीचा हाय का नुसता मुलामा, बघाया नगं? दाभणानं वढली."

ओसरीवर कुणी हसायचं धाडस करेना. तात्यांनी हळूच विचारलं, "मग?"

"मग काय? चांदी निघाली, म्हनून तर आले नांदाया."