पूर्णेच्या वाळूतला डेरा

नाताळच्या सुटीत साहेबाने पूर्णेच्या वाळूत डेरा टाकला होता. तंबूबाहेर अर्जदारांच्या रांगेत नारायणराव उभे होते. त्यांच्या पुढे पुंजाजी माळी आणि त्याची बायको गोजरबाई कुजबुजत होते; ते त्यांच्या कानावर पडत होते.

"आपल्या टरबुजाच्या रोपांवर तंबू ठोकला, अन् तुम्ही पाहत राह्यले?"

"पाहत कायले राहीन? जागा म्याच दाखवली."

"तुम्ही?"

"चपराशानं इचारलं, नदीवर साजरी जागा कोनती. आपल्या टरबुजाच्या वाडीहून साजरी कोनती हाय, सांग बरं?"

"धन्य हाय तुमची! मंग आता म्हना, डेरा उचला."

"पाहुन्याले ऊठ म्हनू? संगं मडम हाय, लेकरं हायेत."

"अन् आपले लेकरं उन्हाळ्यात वाळू खातीन का?"

"हळू बोल वो."

चपराशी बाहेर आला. "बोल पुंजाजी, काय काम?"

"काही नाही जी. साहेबाले झोप बरी लागते ना?"

"लई खूश हायेत. संक्रांत करूनच जातो म्हनतात."

गोजरबाईने पदर खोचला, नवऱ्याला बाजूला सारले आणि तंबूचा पडदा ओढला.

"ओ साहेब! तुमच्या खाटेखाली माहे टरबुजं हायेत. खाट उचला!"

"हळू ना वो! मडम निजली असन."