दारापर्यंत

अहमदपूरच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागायची होती. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला एका बाईनं विचारलं,

“मामा, या पेटीत काय हाय?”

“अकॉर्डियन. तीस वर्षं वरातीत वाजवलं.”

“अन् आता?”

“मोबाईलवर ऐकून ऐकून आधी जाझ शिकलो, मग टँगो. परदेशातलं नाचाचं संगीत हाय.”

“या वयात कुणासाठी?”

“बायकोला अर्धांगवायू झालता. डॉक्टर म्हणले, रोज तालावर चालवा. जाझ तिला लई पळतं वाटायचं. टँगोत एक पाऊल टाकून थांबता येतं.”

“मग, चालतात का?”

“काल भिंत धरून दारापर्यंत गेली. मला भरून आलं. हातच थांबला.”

“काय म्हणल्या?”

“म्हणली, ‘वाजवा की. मला वापस यायचं हाय.’”